सामालची बारा कडवी

माझा भाऊ हानुस कवी आहे. त्याची पुस्तकं माळ्यावर धूळ खात पडलीत, कुणी कुत्रं विचारत नाही. आमच्या अख्ख्या बेटांवर लोकांना त्याचं एकच गाणं पाठ आहे आणि नेमकं तेच त्याला नको आहे.

सामाल त्याचा जिवलग मित्र. एका उन्हाळ्यात पक्षी धरायला कड्यावरून दोराने उतरताना सामालची पाचावर धारण बसली. "वर ओढा रे, वर ओढा!" म्हणून गावभर ऐकू जाईल असा ओरडला. हानुसने त्यावर बारा कडवी रचली. हिवाळ्यातल्या नाचाला दोघा धटिंगणांनी सामालला दंडाला धरून फेरात घेतलं आणि गाणं संपेपर्यंत नाचवलं. आमच्याकडे फजिती झालेल्याला असंच नाचवतात. मीही पोट धरधरून हसले, मेलीला अक्कल नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात, आपण भित्रे नाही हे दाखवायला, सामाल एकटाच दोर बांधून उतरला. तो वर आलाच नाही.

वीस वर्षं हानुस नवं गाणं रचत होता, सामालच्या चांगुलपणाचं. परवा सामालच्या मुलीचं लग्न झालं.

"ताई, आज हे गाणं फेरात रुजलं ना, की जुनं मरेल बघ," तो म्हणाला.

"आधी चार घास खा रे बाबा," मी म्हटलं.

जेवणं झाल्यावर फेर धरला. हानुसने नवं गाणं म्हणायला घेतलं. तिसऱ्या कडव्याला लोकांचे पाय अडखळायला लागले.

"अहो, प्रवचन पुरे, नाचू द्या की!" एक पाहुणा ओरडला आणि त्यानेच जुनं गाणं उचललं. लाकडी जमीन दणाणली.

हानुसच्या शेजारी एल्स्पा होती, सामालची बायको. "वहिनी, थांबवा हो त्यांना," तो काकुळतीला आला. "तुमचं ऐकतील."

"का थांबवू? तुमच्या नव्या गाण्यातला देवमाणूस मला ओळखूसुद्धा येत नाही, भाऊजी. ह्या जुन्या गाण्यात ओरडतो ना, तो माझा नवरा आहे. तेवढाच उरलाय माझ्याकडे."

तिने त्याचा दंड घट्ट धरला. दुसरा दंड नवरदेवाच्या हातात होता. हानुसला सुटता येईना. बाराही कडवी तो नाचला, रडत रडत.

मी फेरात त्याच्या समोरच होते. सगळं दिसत होतं मला. पण काय सांगू, माझेही पाय थांबले नाहीत.