बंडूचं नवं घर

खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाच्या डुगडुगत्या खुर्चीपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत ताई पोचल्या, त्या कुणाचे उंबरे न झिजवता. नात्यातल्या लग्नांनाही जाणं त्यांनी सोडलं होतं; कोण कुठल्या खटल्यात अडकलेलं निघेल, नेम नाही. लोक म्हणत, बाईला शिंगं फुटलीत. त्या ऐकून घेत.

पण धाकट्या भावानं, बंडूनं, नवं घर बघायला बोलावलं तेव्हा नाही म्हणवेना. आईमागे त्याला त्यांनीच वाढवलेला. वकिली त्याची जेमतेम, जीभ मात्र साखरेची.

जेवणं चालली असताना एक स्थूल गृहस्थ आले आणि ताईंना बघून गहिवरले.

"मुलगा सुटला, बाई. तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

ताईंना खटला आठवला. गोदामाच्या आगीत माणूस मेला होता, साक्षीदारांचा एकमेकांशी मेळ नव्हता. कागद न् कागद वाचून त्यांनी मुलाला निर्दोष सोडलं होतं.

"उपकार कसले? पुरावाच नव्हता."

"ते आहेच. पण या तुमच्या भाऊसाहेबांनी तुमच्या कानावर घातलं, म्हणून तर झालं. हे घर आम्ही आनंदानं दिलं."

तोंडातला घास ताटाच्या कडेला काढून ताई उठल्या आणि बंडूला आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

"ताई, तू सोडणारच होतीस," तो हळूच म्हणाला. "सुनावणीतच कळलं होतं मला. कुणाचं काय बिघडलं?"

"आणि मी शिक्षा देईन असं वाटलं असतं तर?"

"तर मी त्यांना भेटलोच नसतो."

हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं तो बोलला.

"असे किती जण?"

बंडू खिडकीचा नवा पडदा सारखा करत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरन्यायाधीशांना सगळं सांगितलं. ऐकून सरन्यायाधीशांनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

"निकाल बरोबर होता ना? मग कशाला घाण उपसता? माझ्यानंतर ही खुर्ची तुमचीच आहे. आणि घरोघरी असा एखादा भाऊ असतोच हो."

बंडूची किळस आली होती, त्याहून जास्त या माणसाची आली. एवढी वर्षं त्याच्या मांडीला मांडी लावून आपण बसलो, याची तर फारच. त्यांनी त्याच दुपारी भावाविरुद्ध तक्रार दिली आणि राजीनामाही.

निकाल रद्द झाला, खटला दुसऱ्या पीठापुढे गेला. ज्यानं काहीच केलं नव्हतं तो मुलगा पुन्हा कोठडीत गेला. बंडू जामिनावर बाहेर होता, नव्या घरात राहत होता.

सुनावणीला ताई जात. मागच्या बाकावर, लोकांत बसत. मुलाची आई एकदा शेजारी येऊन बसली, ताईंकडे नीट बघितलं, आणि उठून दुसऱ्या बाकावर गेली. ताईंनी तिला अडवलं नाही. पुढच्या सुनावणीलाही त्या त्याच मागच्या बाकावर येऊन बसल्या.