शेवटच्या शर्यतीची सूट

या क्लबात हळू पळणं हा गुन्हा नव्हता, मुद्दाम हळू पळणं हा मात्र होता, आणि त्याच्याइतका मोठा दुसरा नव्हता. बाहेरच्या माणसाला हे सांगायला गेलं की तो आधी हसायचा, म्हणून नीटच सांगायला हवं. दर महिन्याला तलावाभोवती शर्यत व्हायची, पण तिच्यात सगळे एकदम सुटायचे नाहीत. सर्वांत संथ माणूस आधी सुटायचा, मग त्याच्याहून जरा बरा, मग आणखी बरा, आणि सर्वांत वेगवान गडी सगळ्यांच्या शेवटी. आधी सुटायच्या या मुभेला ते ‘सूट’ म्हणायचे. सूट बरोबर बसली की पांढऱ्या केसांची बाई आणि तरणाताठा पोस्टमन शेवटच्या चढावर खांद्याला खांदा लावून यायचे आणि कोण जिंकेल ते कुणाच्या बापाला सांगता यायचं नाही. मौज सगळी त्यातच होती. पण एखाद्यानं हंगामभर पाय ओढत पळून सूट वाढवून घेतली आणि शेवटच्या, चषकाच्या शर्यतीत एकदम सुसाट सुटला, तर? असल्या माणसाला ‘साठेबाज’ म्हणत. नुसता संशय आला तरी त्याच्या डोक्यावर लाल टोपी चढायची, आणि हंगाम संपेपर्यंत त्याला ती घालूनच पळावं लागायचं.

सूट ठरवायचं काम चष्मेवाल्याकडे होतं. तोच क्लबातला सर्वांत वेगवान, म्हणून स्वतःला सूट द्यायचा प्रश्नच नव्हता. दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत ‘आता बरं दिसतंय की मघाशी?’ असं विचारणारा माणूस तो. पायांचे नंबरही तो तितक्याच बारकाईनं काढायचा. त्याच्या निकालावर कुरकुर सगळे करत, पण शंका कुणी घेत नसे. याचा त्याला अभिमान होता, आणि जरा जास्तच होता.

बेकरीवाला हा त्याचा साडू. दोन सख्ख्या बहिणी या दोघांच्या घरात. साडू-साडूंचं सहसा लग्नाकार्यापुरतं बरं असतं; यांचं मात्र गूळपीठ होतं. बेकरीवाला पहाटे भट्टी पेटवायचा, पीठ मळायचा, पावांचे साचे आत सरकवायचा आणि पहिला घाणा बाहेर काढून तसाच पिठाच्या हातांनी तलावावर यायचा. वजनानं भारदस्त, तोंडानं त्याहून भारदस्त. इतक्या वर्षांत चषक एकदाही त्याच्या हाती लागला नव्हता. “चष्मेवाल्याला जवळचं दिसत नाही,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, “नाहीतर घरच्या माणसाला चार मिनिटं जास्त दिली नसती का!”

या हंगामाच्या पहिल्याच शर्यतीत बेकरीवाला मागे पडला. दुसऱ्या शर्यतीत आणखी मागे. चष्मेवाल्यानं नियमाप्रमाणे त्याची सूट वाढवली. तरी तिसऱ्या शर्यतीत तो चढावर चक्क चालत आला. मग काय, लोकांना आयतंच कोलीत मिळालं. पोस्टमन म्हणाला, “साठा चाललाय, साठा! गोदाम भरतंय!” पांढऱ्या केसांची ती बाई एका शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका होती, तिनं भर मैदानात लाल टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. बेकरीवाल्यानं मान लववून ती स्वीकारली. पुढचे कितीतरी दिवस तो ती घालून बेकरीच्या गल्ल्यावर बसायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, “चोर आहे मी. सुटे पैसे मोजून घ्या.”

सगळे हसत होते, पण चष्मेवाल्याला हसू येत नव्हतं. त्याला ते लागलं होतं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यानं कानाडोळा केला असता. पण आपला माणूस आपल्याच डोळ्यांत धूळ फेकतो, आणि वर सगळ्या गावाला ते दिसतं! घरी जेवताना तो बायकोला म्हणाला, “तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला सांग, मी आंधळा नाही.” बायको म्हणाली, “अहो, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात?” ही गोष्ट एवढीशी नाही, हे तिला समजावून सांगणं त्याला जमलं नाही.

चौथ्या शर्यतीला त्यानं बेकरीवाल्याची सूट कापली. थोडीथोडकी नाही, चांगली निम्म्यावर आणली.  बेकरीवाला टोपी सारखी करून निघाला आणि सगळे पोचून, घाम पुसून, चहा पिऊन झाले तेव्हा उगवला. रेषा ओलांडली आणि गवतावर आडवा झाला. खोकत होता, छाती वरखाली होत होती, आणि मधूनच हसत होता. “मारलंस, साडूभाऊ,” तो म्हणाला, “पार मारलंस.”

“नाटक बंद कर आणि ऊठ,” चष्मेवाला म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, लोकांच्या देखत.

त्याच आठवड्यात एका दुपारी मेहुणी दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. “भाऊजी, डोळे तपासायचेत,” असं म्हणून ती सरळ आतल्या खोलीत गेली आणि तपासणीच्या उंच खुर्चीवर बसली. त्यानं दिवा मालवला, समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता उजळला. “वाच,” तो म्हणाला. ती वाचेना. त्याला वाटलं, खरंच दिसत नसावं. म्हणून तो भिंग बदलायला पुढे झाला, तर तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

“यांच्या फुप्फुसात गाठ आहे,” ती म्हणाली. “पसरलीय.”

चष्मेवाल्याच्या हातात भिंग तसंच राहिलं.

“कधीपासून?”

“हंगाम सुरू व्हायच्या आधीच कळलं. कुणाला सांगायचं नाही म्हणून माझ्याकडनं वचन घेतलंय. ताईलासुद्धा सांगितलं नाहीये मी.”

“आणि डॉक्टर पळू देतात?”

“ते म्हणाले, जमेल तेवढं पळू द्या. आता राखून काय ठेवायचंय?”

चष्मेवाला स्टुलावर बसला. त्याला गवतावरची ती वरखाली होणारी छाती दिसत होती. “मी त्याला नाटक बंद कर म्हणालो गं,” तो म्हणाला.

“माहितेय. घरी येऊन खूश होते. म्हणाले, चष्मेवाल्यालासुद्धा शंका नाही आली.” तिनं पदरानं डोळे पुसले. “भाऊजी, एकच मागणं आहे. शेवटची शर्यत त्यांना जिंकू द्या. सूटही तुमच्या हातात, आणि मागून येणारे पायही तुमचेच. एकदा तो चषक हातात घेऊ द्या त्यांना. पण मी सांगितलं हे कळू देऊ नका. वचन मोडून आलेय मी.”

त्यानं शब्द दिला. दुसरं काय करणार होता? ती जाताना पायरीवर थांबून म्हणाली, “तुमच्यावर भरवसा आहे माझा.” नंतर त्यानं दुकान लवकर बंद केलं आणि तलावाला एक फेरी मारली. चढावर त्याला रडू आलं. पळताना रडता येत नाही, श्वास पुरत नाही. म्हणून तो कठड्याला धरून उभा राहून रडला.

चषकाच्या शर्यतीच्या सकाळी त्यानं सगळ्यांची सूट वाचून दाखवली आणि बेकरीवाल्याचा आकडा ऐकून मैदानात एकच गिल्ला झाला. एवढी सूट क्लबात आजवर कुणाला मिळाली नव्हती, बाईलासुद्धा नाही. “साडूला सूट, आम्हाला बूट!” पोस्टमन ओरडला. “अरे, साठेबाजाला बक्षीस देताय की काय?” चष्मेवाला म्हणाला, “नियमानं ठरवलंय. ज्याला पटत नाही त्यानं उद्यापासून स्वतः ठरवावं.”  बेकरीवाला मात्र लाल टोपीखालून चष्मेवाल्याकडे बराच वेळ बघत राहिला. तो किती वाळला होता, हे चष्मेवाल्याला आत्ता दिसत होतं. बनियन खुंटीवर अडकवल्यासारखं लोंबत होतं. एवढे दिवस हे का दिसलं नाही? मग शिटी वाजली, आणि बेकरीवाला एकटाच तलावाच्या वाटेला लागला.

सर्वांच्या शेवटी चष्मेवाला सुटला. पाय सवयीनं पळत होते. त्यानं क्लबातल्या नर्सला गाठलं, बाईला गाठलं, पंपघराच्या वळणावर पोस्टमनलाही मागे टाकलं. सगळ्यांना मागे ठेवायचं आणि बेकरीवाल्याच्या मागे राहायचं, एवढाच त्याचा हिशेब होता. पण शेवटच्या चढाच्या तोंडाशी आला तर लाल टोपी समोर, हाकेच्या अंतरावर. एवढी सूट देऊनही पुरली नव्हती. बेकरीवाला पळत नव्हता. कठडा पकडत पकडत स्वतःला वर ओढत होता.

चष्मेवाल्यानं पाय आखडते घेतले. तेवढ्यात बेकरीवाला थांबला, वळला आणि गुडघ्यांवर हात टेकून त्याची वाट बघत उभा राहिला.

“थांबलास का? चल, पळ!” चष्मेवाला म्हणाला.

“तू का थांबलास?” बेकरीवाल्याला एकेक शब्द श्वासातून उपसून काढावा लागत होता. “या चढावर... तू असा पळतोस? मला शिकवतोस? तिनं सांगितलं ना तुला?”

चष्मेवाल्याला खोटं बोलायला सुचलं नाही.

“वाटलंच मला. सूट ऐकली तेव्हाच.”

“अरे, थोडंच राहिलंय. मी मागनं येतो. एकदा जिंक ना, बाबा. कुणाला कळणारे?”

“मला कळणारे.” बेकरीवाल्यानं त्याच्या दंडाला धरलं. त्या पकडीत जोर नव्हता. “ऐक. हंगामभर ही पोरं मला लबाड म्हणतायत. इतकं बरं वाटतं रे! लबाड म्हणतात तोवर मी धडधाकट आहे. तू मला जिंकू दिलंस, तर का जिंकू दिलंस ते आज ना उद्या सगळ्यांना कळेल, आणि मग मी बिचारा होईन. तुझ्या हातनं मला बिचारा करू नकोस.”

“मी तिला शब्द दिलाय.”

“तो मोड. आणि मला कळलंय, हे तिला कधी सांगू नकोस. माझ्यासाठी तिनं वचन मोडलं. ते माझ्यापर्यंत आलं हे कळलं तर मी गेल्यावर ती स्वतःला खात बसेल. सांगायचं नाही, मी असतानाही नाही आणि नसतानाही नाही. घे शपथ.”

खालून पोस्टमनच्या बुटांचा आवाज जवळ येत होता. “तो आला बघ,” बेकरीवाला म्हणाला, आणि त्याही स्थितीत हसला. “त्याच्या हातनं हरलास तर तुझं तोंड बघणार नाही. पळ. चोराला पकड. पळ की, गाढवा!”

आणि चष्मेवाला पळाला. त्याला मागे टाकून पळाला. आयुष्यात पळाला नसेल असा पळाला, कारण जरा जरी सावकाश झाला असता तर मागे वळून बघितलं असतं. वर रेषेपाशी उभ्या असलेल्यांना आधी वाटलं होतं की लाल टोपी दिसणार. तिच्याऐवजी चष्मेवाला आलेला पाहून त्यांनी गलका केला. “पकडला! साठेबाजाला पकडला!” कुणी त्याला उचललं, कुणी पाठीत धपाटे घातले. त्याच्या चेहऱ्यावरून ओघळणारं पाणी सगळ्यांना घामच वाटलं. मेहुणी रेषेच्या बाजूला टाळ्या वाजवायला हात वर करून उभी होती. तिनं ते हात खाली घेतले.

मग पोस्टमन आला, बाई आली, नर्स आली, एकेक करून सगळे आले. शेवटी बेकरीवाला दोन्ही हात डोक्यावर धरून, पोलिसांच्या ताब्यात दिलेल्या चोरासारखा डुलत डुलत आला, आणि पोट धरून हसणाऱ्या लोकांनी त्याच्यासाठी वाट करून दिली. इतका आनंदात तो त्या वर्षात कधी दिसला नव्हता. त्यानं चष्मेवाल्याला मिठी मारली आणि कानात म्हणाला, “फिटलं, साडूभाऊ.”

नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी तो गेला.

सगळा क्लब लोटला होता. पोस्टमन बेकरीच्या पायरीवर बसून हुंदके देत होता, “आम्ही त्यांना चोर म्हणालो हो, चोर म्हणालो.” हळूहळू लोक पांगले. चष्मेवाल्याची बायको वर, बेकरीवरच्या घरात, माणसांचं बघत होती. मेहुणी एकटीच बेकरीच्या मागच्या खोलीत, भट्टीपाशी बसली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती भट्टी गार होती. चष्मेवाला दारात उभा राहिला.

तिनं वर न बघताच विचारलं, “भाऊजी, त्या दिवशी काय झालं?”

तो आत येऊन पिठाच्या पोत्यावर टेकला.

“शब्द दिला होतात मला. वरून मला चढावरचं काही दिसलं नाही, पण तुम्ही त्यांच्या आधी आलात, एवढं तर बघितलं. तुमच्याकडे चषक आहेत की. एक त्यांना मिळाला असता तर काय बिघडलं असतं? मला नुसतं सांगा, काय झालं?”

खरं त्याच्या अगदी जिभेवर होतं. एका वाक्यात सांगून तो मोकळा झाला असता. तिनंही त्याला क्षमा केली असती, कदाचित दोघं मिळून रडलीही असती. आणि मग रात्रंदिवस, उरलेल्या सगळ्या वर्षांत तिनं स्वतःला विचारलं असतं की मी सांगितलं नसतं तर? मी वचन मोडलं हे मनात घेऊनच ते गेले का?

“हाव सुटली,” चष्मेवाला म्हणाला. “रेषा दिसली आणि हाव सुटली. भान राहिलं नाही मला.”

तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर त्याला सोसला असता.

“जा तुम्ही,” ती म्हणाली. “ताईला पाठवा, तुम्ही येऊ नका.”

तो गेला. बायकोला खाली पाठवलं आणि रस्त्यावर उभा राहिला. मेहुणी त्याच्याशी पुन्हा बोलली नाही. दिवसकार्यालाही नाही, नंतरही नाही. बायको विचारून विचारून थकली की असं तुमच्यात झालं तरी काय. तो दर वेळी तेच सांगतो, चूक माझीच आहे.