परत लावलेला कौल

तीस साली मी पुण्याला तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झालो आणि वर्षभरात गावच्या देवळात कौल लावायला उभा राहिलो. वडिलांचे हात कापू लागले होते आणि आमच्या गुरवाच्या घरात दुसरा मुलगा नव्हता. दोन ओल्या पाकळ्या देवाच्या छातीवर डाव्या-उजव्या अंगाला चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. गाय विकू का, मुलाला मुंबईच्या गिरणीत धाडू का, सगळं देवालाच विचारायचं. पुण्याचे मित्र मला भोंदू म्हणत आणि गावाच्या लेखी मी शिकून फुकट गेलेला. दोन्हीकडचं ऐकून विटलो होतो. जास्त भिजलेली पाकळी उशिरा सुकते आणि उशिरा पडते, एवढं कळायला बी. ए. व्हावं लागत नाही.

एका दुपारी नाट्याची मुलगी राही आली. तिचा नवरा गंगाराम गलबतावर गेला तो चार वर्षं परतला नव्हता. गलबत बुडालं हे सगळे धरून चालले होते, पण प्रेत कोणी पाहिलं नव्हतं. भावाने दादू नावाच्या बिजवराशी तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, ठरवला होता. तिलाही दादू पसंत होता. पण देवाने नाही म्हटलं तर ती जन्मभर गंगारामाची वाट बघत बसणार होती.

मी ठरवलं, उजवी पाकळी जरा कोरडीच लावायची. देवावर विश्वास नाही, मग भीती कुणाची? पाकळीतलं पाणी निथळू दिलं, हात पुढे केला आणि बोटं अडली. मला स्वतःचीच चीड आली. डोळे फोडून वाचलेलं सगळं गेलं कुठे? शेवटी दोन्ही पाकळ्या सारख्याच भिजवून लावल्या.

डावी पडली.

राही रडेल असं वाटलं. तिने पदर खोचला. "गुरवदादा, परत लावा. त्याला नीट ऐकू आलं नसंल."

"असं दोनदा विचारत नाहीत, राही."

"का नाय? घरच्या मानसाला नाय इचारत परत?" मग देवाकडे वळून ती जवळजवळ ओरडलीच, "चार वर्सं वाट बगितली. दमले मी. आता सोड मला."

दमलो तर मीही होतो. परत पाकळ्या लावल्या, डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हणालो, सोड तिला. कोणाला म्हणालो, कोण जाणे. पण अगदी मनापासून म्हणालो.

उजवी पडली.

राहीने देवाला हात जोडले. मग मान वर करून तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "दादा, खरं सांगा. तुमी काय केलंत नाय ना? देवच बोलला ना?"

"मी काही केलं नाही," म्हणालो. तेवढं सोपं होतं. पुढच्या उत्तरासाठी ती थांबून राहिली. देव आहे की नाही यावर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती, दोन्ही बाजूंनी, आणि मार्कही चांगले पडले होते. राहीला एका शब्दात हवं होतं.

"होय," मी म्हणालो. "देवच बोलला."

ती डोळे पुसत निघून गेली. मी खांबाला टेकून बसलो. खोटं बोललास, असं आतून कोणीतरी म्हणेल म्हणून बराच वेळ वाट पाहिली. कोणी म्हणालं नाही.