मागच्या खोलीतलं ऊन

दहा एलईडींपैकी एकही लागला नाही. वायरमनने चष्मा कपाळावर सरकवला आणि मल्टीमीटरची टोकं लावून एकेक दिवा तपासत गेला. सातवा उलटा बसला होता. एकाच माळेतले दिवे ते. एकाचं अधिक-उणं चुकलं की सगळेच डोळे मिटून बसणार. अडतीस वर्षं त्याने लोकांच्या घरांत वायरी ओढल्या होत्या, पण असली शिकाऊ चूक कधी केली नव्हती.

"म्हातारे झालो आपण," तो पुटपुटला.

"कुणाशी बोलताय?" खुर्चीत बसलेल्या बायकोने विचारलं.

"तुझ्याशीच."

ती त्याच्याकडे बघत राहिली, मग कुंड्यांकडे वळली.

आधी गॅलरीत होती तेव्हा झाडं मजेत होती. टोमॅटो, मिरच्या, दोन गुलाब, सगळी तिच्याच हातची. पण दोन महिन्यांपूर्वी एक दिवस ती स्टुलावर चढून कठड्याबाहेर वाकलेली त्याला दिसली. खाली पडलेली कुंडी उचलायची होती म्हणे, तिसऱ्या मजल्यावरून! त्याने तिला कमरेला धरून आत ओढलं. तिचं विसरणं वर्षभरापासून वाढत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, गॅलरीला कुलूप लावा. कुलूप लागलं आणि कुंड्या मागच्या खोलीत आल्या. तिथली खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत.

पंधरवड्यात पानं पिवळी पडली आणि तिचं जेवण तुटलं. "यांना ऊन नाही मिळत हो," म्हणत ती कुंडी छातीशी धरून घरभर फिरायची.

मुलगी रविवारी येऊन बघून गेली. "बाबा, देऊन टाका ना झाडं कुणाला तरी. आईच्या लक्षातसुद्धा राहणार नाही."

"माझ्या राहील," तो म्हणाला.

सोमवारीच त्याने सामान आणलं. दुकानदाराने झाडांसाठी म्हणून लाल आणि निळे एलईडी दिले होते. ते लागले तशी खोली जांभळी झाली आणि पानं काळी दिसायला लागली. ती जी रडायला लागली, ती थांबेना. "जाळलीत माझी झाडं." त्याने तिथल्या तिथे वायर उपटली, सगळे एलईडी काढले आणि दुसऱ्या दिवशी पांढरे घेऊन आला.

आता त्याने सातवा सुलटा केला. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर उष्णता वाहून नेणारं मलम पुन्हा पातळ पसरलं, कारण हे दिवे तापले आणि ती उष्णता पट्टीत उतरली नाही, तर महिन्यात मरतात. प्रवाह आवरणारा ड्रायव्हर त्याने भिंतीवर उंच, झाकणाच्या डबीत बसवला. झारीचं पाणी तिथवर पोचता कामा नये. पट्टीला अर्थिंग जोडलं. मग पानांच्या वर वीतभर अंतर मोजून पट्टी साखळीने टांगली.

"सुबक काम करता तुम्ही," ती अचानक म्हणाली. "कुणी पाठवलं तुम्हाला?"

त्याच्या हातातला पेचकस थांबला. नावं ती चुकवायची, दिवस चुकवायची. त्याला ओळखायला मात्र ती कधी चुकली नव्हती.

"अगं, मी..." तिच्या कपाळावर आठी चढली, हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाले. तो थांबला. "तुमच्या साहेबांनीच पाठवलं, बाई," तो म्हणाला.

तिचे हात सैल झाले. "आमचे हे पण वायरमनच आहेत. सगळ्या गावाचे दिवे लावत फिरतात. आमच्या स्वयंपाकघरातलं बटण मात्र चार वर्षं तसंच लोंबकळत होतं." ती हसली. "मी म्हटलं नाही कधी. दमून यायचे हो. घास हातात घेऊन झोपायचे."

"म्हणायचं होतंत," तो म्हणाला. "त्यांनी केलं असतं."

"केलं असतं. पण मग जेवताना दोन शब्द बोलायचे, तेही राहिले असते ना."

त्याने तोंड भिंतीकडे केलं आणि आधीच घट्ट असलेला स्क्रू पुन्हा आवळला.

काम झालं. त्याने बटणाकडे हात नेला.

"थांबा, तुम्ही नका लावू," ती म्हणाली. "हे येतील ना संध्याकाळी. ते लावतील."

त्याने हात मागे घेतला. मग पायांत चपला सरकवून बाहेर गेला, दार ओढून घेतलं, जिन्यात केस नीट केले आणि बेल वाजवली. पूर्वी कामावरून आल्यावर दोनदा वाजवायचा, तशी दोनदा.

तिने दार उघडलं. चेहरा उजळला होता. त्याला पाहिलं आणि हळूहळू उतरला.

"काही राहिलं का तुमचं?"

"नाही... साहेबांचा निरोप आलाय. उशीर होईल, तुम्हीच दिवा लावा, म्हणाले."

"असं म्हणाले?"

"हो. झाडं तुमची आहेत, म्हणाले."

ती मागच्या खोलीत गेली. बोट बटणावर ठेवून क्षणभर थांबली, मग दाबलं. खोलीत स्वच्छ पांढरा उजेड पडला. पिवळ्या पानांतून टोमॅटोच्या शेंड्याची दोन कोवळी पानं हिरवीगार दिसली. तिने खाली वाकून त्यांना हनुवटी लावली. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान त्याने वर्षभरात पाहिलं नव्हतं.

"आलं हो ऊन," ती म्हणाली.

मग स्वयंपाकघरातून तिने दुसरी खुर्ची ओढत आणली आणि आपल्या खुर्चीला लागून ठेवली. दिवसभर उभं राहून त्याचे गुडघे दुखत होते. तो बसायला वाकला.

"तिथे नको हं, दादा," ती हळू आवाजात म्हणाली. "ती ह्यांची आहे."

"चुकलो, बाई," तो म्हणाला, आणि हत्यारांची पिशवी बाजूला सरकवून तिच्या पायांशी फरशीवर बसला.