सूर्यफुलाची एक बी

"एवढासा जीव उपाशी ठेवू नये गं पोरी, त्याच्या अंगात शिल्लक ती किती..." सरांचा आवाज, कॉलेजातला, वीस वर्षांमागचा. हॅमस्टरच्या नाकावरचा भुलेचा मुखवटा काढताना तो डॉक्टरीणबाईंच्या कानात आला. सिरिंज कापून केलेला अंगठ्याएवढा मुखवटा; आतलं नाक तर मसुराएवढं. काखेतली गाठ निघाली होती, टाके सुबक बसले होते. भूल बंद करून वीस मिनिटं झाली. बटण, शिंपीणबाईंचा तो मुठीएवढा हॅमस्टर, मात्र उठत नव्हता.

कोमट पाण्याने फुगवलेल्या दोन हातमोज्यांमध्ये तो पडला होता, आणि ती त्याचा श्वास डोळ्यांनीच चाचपत होती — आहे... आहे... आहे ना? काल फोनवर ती म्हणाली होती, रात्री दहानंतर काही देऊ नका. सवयीने. कुत्र्यामांजरांच्या माणसांना रोज म्हणते तसं. कुत्र्यामांजरांना भुलेत ओकारी होते. याला ओकताच येत नाही. हा नुसता रिकामा होत जातो, गार पडत जातो... आणि हे ती इतरांना शिकवते.

साखरपाण्याचा थेंब तिने हिरडीला लावला. जीभ हलली नाही. बाहेर शिंपीणबाई बसल्या होत्या. सांगायचं? सांगून याच्यात ऊब थोडीच भरणार? गाठच वाईट होती म्हणावं, वयही झालंय — खोटं नव्हे ते, खऱ्याच्या शेजारचं...

दार लोटून शिंपीणबाई आत आल्या. सकाळी त्यांनी थट्टा केली होती, की याच्यापेक्षा तुमची सुई मोठी, माझी बारीक देऊ का म्हणून. आता गळ्यातली मापाची टेप त्या बोटांना गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"ताई, रागावू नका. रात्रभर पिंजऱ्याचे गज कुरतडत होता. पहाटे राहवलं नाही मला, सूर्यफुलाची एक बी दिली. तुमचं ऐकलं नाही... म्हणूनच उठत नाही ना तो?"

केवढं सोपं झालं सगळं. नुसती मान हलवली की पुरे. हा दोष बाई निमूट उचलून घरी नेतील, शिवणाच्या मशीनपाशी बसून जन्मभर जपतील. ते इतकं सोपं आहे हे तिला कळलं.

बोट तिने बरगड्यांवर टेकवलं. आहे. अजून आहे.

"ती बी दिलीत म्हणून एवढा तरी टिकलाय," ती म्हणाली. आवाज आपलाच का, तिला उमगेना. "याला उपाशी ठेवायचंच नसतं. मी चुकीचं सांगितलं तुम्हांला, बाई. चूक माझी आहे."