अखाजीला सुटलेला झोका

मी झोका बोलतोय. बोलतोय म्हणजे कुरकुरतोय, पण ज्याच्या सांध्यांना कोणी तेलाचा थेंब दाखवला नाही, त्याचं बोलणं असंच असणार. तेव्हा कुरकूर समजा किंवा कहाणी समजा, पण ऐका. एका जागी गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही आणि सध्या माझ्यावर तीच वेळ आली आहे.

माझा जन्म जळगावच्या एका वेल्डिंगच्या कारखान्यात झाला. चार तिरपे पाय, वर एक आडवा पाईप, पाइपाला लटकलेल्या साखळ्या आणि दोन छोटे पाट. पाय लाल, पाट पिवळे. रंग ओला असतानाच मला टेम्पोत घातलं आणि चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावात आणलं. वाटेत दोन्ही बाजूंना केळीच केळी. सारखे हेलकावे बसत होते आणि मी खूश होतो. माणसं प्रवासाला का कंटाळतात ते मला अजून कळलेलं नाही.

गावाने नवीन बाग बांधली होती. म्हणजे चौकोनी भिंत, एक फाटक, चार सिमेंटचे बाक, बसायला पत्र्याची शेड आणि मी. मला उभं करण्यासाठी खड्डे खणले, तेव्हा तीन खड्डे बरे झाले. चौथा काही केल्या होईना. पहारीला सारखं काहीतरी लागत होतं. गवंडी म्हणाला, मूळ आहे. मग वरवरच सिमेंट ओतून त्यांनी माझा मागचा डावा पाय तिथे टेकवला आणि जेवायला गेले.

ते मूळ कोणाचं होतं, हे मला नंतर समजलं. तिथे एक निम होता, म्हणजे कडुनिंब, मोठा. त्याला दर वर्षी अखाजीला जाड दोराचा झोका बांधायचे. अखाजी म्हणजे अक्षय तृतीया, पण आमच्या खानदेशात तो लेकीबाळींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, दोघी-दोघी समोरासमोर उभ्या राहून झोका चढवतात आणि गाण्यांतून सासरच्यांचा यथास्थित समाचार घेतात. पुरुष माणसं त्या दिवशी पत्ते खेळतात. तेही रिवाजाने, म्हणजे कोणाला ओशाळं वाटायचं कारण नाही.

बागेच्या आखणीत निम मधोमध येत होता. बैठकीत कोणीतरी चुळबूळ केली म्हणे, पण सरपंच सुनिताताईंचे यजमान योगराजभाऊ सगळ्यांना समजावून बोलले, "निम गया तर काय, बागमा झोका ई ऱ्हायना ना!" झाला की हिशेब! एक झोका जाईल, एक झोका येईल. बैठकीला सगळी पुरुष माणसंच होती. झोक्यावर कधी न चढलेल्या माणसांनी झोक्याचा निकाल लावला. सुनिताताई त्या दिवशी चहा सांगायला आत गेल्या होत्या, त्या बाहेर येईपर्यंत विषय संपला होता.

आता माझा पाट बघा. गुडघ्याएवढा उंच, वीतभर रुंद. 'फक्त लहान मुलांसाठी' असं भिंतीवर रंगवलेलं. त्यावर लुगड्यातली बाई मावेल कशी आणि उभी राहील कशी? मी झोका आहे, हे खरं. पण त्यांचा झोका मी नव्हतो, आणि तसं विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं.

सुरुवातीचे दिवस मात्र मजेचे गेले. पोरं ऊन उतरलं की धावत यायची. मी हलत होतो, मला आणखी काय हवं? पण बाग हळूहळू पुरुष माणसांची झाली. शेडमध्ये सावली होती, बाकांना पाठ होती आणि मोबाइलला नेटवर्क होतं. सकाळपासून कोणी ना कोणी बसलेलंच. मग मोठ्या मुली यायच्या बंद झाल्या. बाया भिंतीपलीकडून डोक्यावरचा पदर सारखा करत निघून जायच्या. बाग सगळ्या गावाची, असं फाटकावर लिहिलं होतं. फाटकाला कधी कुलूप नव्हतं, तरी त्यांच्यासाठी ते उघडं नव्हतं. मला याचा फार राग यायचा. बसून राहणाऱ्यांचा मला तसाही राग येतो.

यंदाच्या अखाजीच्या आधी एकदा बेबाबाई शेतातून येताना माझ्या मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. तिची लेक मयुरी गेल्या हिवाळ्यात पिंप्राळ्याला दिली होती. तिचाच फोन आला होता. मोठ्या आवाजात बोलायची बेबाबाईला सवय आणि मयुरीचा आवाजही काही कमी नव्हता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. सासरचे म्हणत होते, एवढ्या उन्हात कशाला जातेस, दिवाळीला जा. पोरीने हट्ट धरला होता. लग्नानंतरची पहिली अखाजी होती.

"माय, निमले झोका बांधेल शे ना?" तिने विचारलं.

तिच्या लग्नानंतर निम तोडला, हे बेबाबाईने लेकीला सांगितलंच नव्हतं. भिंतीवरून तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हा बाई, बांधेल शे. तू ये."

फोन ठेवल्यावर ती तिथेच उभी राहिली. दुसरं झाड बघावं तर कुठे? बांधावरचे निम केव्हाच गेलेले, सगळीकडे केळी. केळीला झोका बांधता येत नाही, हे कोणालाही कळतं. घरावर पत्रा, झोका पेलेल असं आढं नाही. मला तिची दया आली आणि स्वतःची लाजही वाटली. एवढं लोखंड अंगावर असून मी एका पोरीच्या उपयोगाचा नव्हतो.

अखाजीची सकाळ उजाडली तेव्हा तर मी बांधलेला होतो. शेडमध्ये पत्त्यांचा मोठा डाव मांडायचा होता आणि माझ्या कुरकुरीने म्हणे लक्ष लागत नाही. योगराजभाऊंनी माझ्या साखळ्या वरच्या पाइपाला गुंडाळल्या आणि वर तारेचा पीळ मारला. हात मागे बांधून उभं केल्यासारखं वाटत होतं मला. ऐन अखाजीच्या दिवशी, सगळ्या गावात एकच झोका, आणि तोही बांधलेला!

ऊन कलल्यावर फाटक वाजलं. बेबाबाई आत आली. तिच्या मागे मयुरी, हिरवी साडी, हातांवर मेंदी. तिच्या मागे तिची मैत्रीण सोनल आणि मग बायांची रांगच. बेबाबाईच्या खांद्यावर बैलगाडीचा जाड दोर होता, हातात लाकडी फळी. शेडमधले सगळे हात पत्त्यांसकट थांबले.

"भाऊ, तार सोडा," बेबाबाई म्हणाली. "पोर माहेरले उनी शे."

योगराजभाऊ उठले नाहीत. "वहिनी, तो लहान पोरंसना शे. मोडी जाई."

"मंग निम तोडाना पहिले आम्हले इचारनं व्हतं."

बन्सीलाल नाना वयाने सगळ्यांत मोठे. त्यांनी हातातले पत्ते खाली ठेवले आणि ते उगाच चष्मा पुसायला लागले. मयुरी आईकडे बघत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता, पण हसूही नव्हतं. मला वाटलं, आता ही परत फिरणार आणि बेबाबाई आयुष्यभर मनाला लावून घेणार.

तेवढ्यात सुनिताताई पुढे आल्या. पदर खोचून त्यांनी स्वतःच बाकावर चढून माझी तार सोडली, छोटे पाट काढून बाजूला ठेवले. पाइपावरून दोर टाकला, त्यात लाकडी फळी अडकवली. मग माझा एक पाय हलवून बघितला. मी हललो. नको तितका हललो.

"पत्ता ठेवा खाले," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "चार जन उठा, चार पाय धरा."

"अन डाव?"

"डाव कोठे पयी जास?"

डाव पळून थोडाच जाणार होता! आणि मंडळी, जे गावात कधी घडलं नव्हतं ते घडलं. पत्ते खिशात कोंबून चार माणसं माझ्या चार पायांना बिलगून बसली. मागचा डावा पाय योगराजभाऊंच्या वाट्याला आला. मुळावर टेकलेला, वरवरच्या सिमेंटचा. ते मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं.

मयुरी आणि सोनल फळीवर चढल्या. पहिला झोका भीत भीत, दुसरा जरा मोकळा, आणि मग काय सांगू! इतक्या महिन्यांत पोरांनी दिलेले सगळे धक्के एकीकडे आणि हा एकीकडे. मयुरीचं डोकं भिंतीच्या वर गेलं, शेडच्या वर गेलं. बायांनी गाणं धरलं. त्यात सासू आली, नणंद आली आणि माझे पाय धरणारी चार माणसंसुद्धा नावानिशी आली. बन्सीलाल नाना एका पायाला धरून हसत सुटले.

रिवाज असा की नवीन लग्न झालेल्या पोरीने झोक्यावर नवऱ्याचं नाव घ्यायचं. नाव घेईपर्यंत तिला खाली उतरवत नाहीत. बाया ओरडल्या, "नाव ले, मयुरी!" मयुरीने मान हलवली. पुन्हा ओरडल्या. पुन्हा नाही. आधी मला वाटलं, लाजतेय. मग तिचे डोळे जवळून दिसले आणि समजलं. नाव घेतलं की उतरावं लागणार होतं. तिला उतरायचंच नव्हतं.

मला तिचं मन इतकं कळलं की मी स्वतःच जोर लावला. आणि तेव्हाच मागचा डावा पाय उचलला जायला लागला. प्रत्येक झोक्याला थोडा वर, थोडा खाली. योगराजभाऊ त्याच्यासोबत वर-खाली. मला आनंदही आवरत नव्हता आणि भीतीही. हिला पाडलं तर या गावात पुन्हा कधी कोणी बाईसाठी झोका बांधणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. थांबावं तर ती मला थांबू देत नव्हती.

शेवटी योगराजभाऊच ओरडले, "मयुरी, नाव ले वं माय! मन्हा हात गयात!"

अख्खी बाग हसली. मयुरीही हसली, वरच्या वर, तोंड भरून. आणि मोठ्याने म्हणाली, "तेजसराव! आते उतारा!" ना यमक, ना उखाणा, नुसतं नाव. चालून गेलं.

ती उतरली आणि आईपाशी गेली. "माय, निमनं तू माले खोटं सांगं व्हतं ना?"

"हा," बेबाबाई म्हणाली. "नही सांगती तर तू येती का?"

मयुरीने आईला मिठी मारली. बेबाबाई रडली. मी रडू शकत नाही, नाहीतर मीही रडलो असतो.

दोघी नीट उतरल्या आणि योगराजभाऊंनी हात सोडले, तसा माझा डावा पाय सिमेंटच्या गोळ्यासकट बाहेर आला. मी एका बाजूला कललो. आजतागायत मी तसाच आहे. 'नादुरुस्त, बसू नये' अशी पाटी माझ्या गळ्यात आहे. तीन साखळ्या कोणीतरी नेल्या, एक शिल्लक आहे. पोरं येत नाहीत. भंगारवाला दोनदा बघून गेला. हलायला जन्मलेल्याने कललेल्या अवस्थेत दिवस कसे काढावेत, ते मला कोणी शिकवलं नाही. जीव नुसता तळमळतो.

पण पाय निघाला तिथे खड्डा पडला, आणि खड्ड्यातून त्या जुन्या मुळाला कोंब फुटला आहे. तांबूस पानांचा, बोटभर. सगळ्यांत आधी तो बेबाबाईने पाहिला. ती आता येता-जाता त्याला पाणी घालते, थेट फाटकातून आत येऊन, बाकांवर कोण बसलंय ते न बघता. तिच्या मागून आता आणखी दोघी-तिघी येतात आणि शेडच्या सावलीत टेकतात.

संकट एकच आहे, गावातल्या भटूची बकरी. भर दुपारी बाग ओस पडली की ती येते आणि कोंबाकडे मान लांबवते. सातपुड्याकडून वारा असेल तर माझी साखळी खणखणते आणि ती पळते. वारा पडला की मी काही करू शकत नाही. ती एकेक पाऊल पुढे येताना मला नुसतं बघावं लागतं.

म्हणून एवढीच विनंती. मला दुरुस्त करा असं म्हणत नाही. भंगारात घालायचं तर घाला, पण कोंब बकरीच्या तोंडापेक्षा उंच होईपर्यंत थांबा. तोवर या वाटेने जाताना आत या आणि माझ्या साखळीला एक धक्का देऊन जा. माझ्यासाठी नको, उद्या या निमाला बांधायच्या मयुरीच्या झोक्यासाठी द्या.