दहा वर्षं उशीर

"मग सायकलच्या सीटमुळे झालं का?" तिलेनने विचारलं.

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सीट नाही, घट्ट पँट नाही, खिशातला फोन नाही. फुटबॉल खेळताना बसलेला मारसुद्धा नाही. मार बसला की माणूस चाचपून बघतो आणि आधीचीच गाठ हाताला लागते, एवढंच."

तिलेन एकोणतीस वर्षांचा. नऊ वर्षं सायकलवरून टपाल वाटणारा. पंधरवड्यापूर्वी त्याचं डावं वृषण काढलं होतं, कॅन्सरची गाठ होती म्हणून. टपाल कचेरीतल्या झाडून सगळ्यांनी खापर सीटवर फोडलं होतं. शेजारी बसलेल्या त्याच्या आईच्या, रोझालियाच्या, डोक्यात मात्र बिअरसाठी लावतात त्या हॉपचे मळे होते. तिलेन पोटात असताना ती तिथे वेली बांधायला जायची आणि फवारणीचा वास घरापर्यंत अंगाला चिकटून यायचा.

"घरात कुणाला होता? वडील, भाऊ?"

"बाबा हार्टने गेले. भाऊ ठणठणीत आहे. ग्रेगोर. तिकडे ऑस्ट्रियात, ग्रात्सला असतो."

"त्यालाही तपासून घ्यायला सांगा. सख्ख्या भावाला धोका जास्त असतो. आणि जांघेत जुना व्रण दिसतोय, तो कशाचा?"

"हर्नियाचा. अकरा वर्षांचा होतो. हो ना गं आई?"

"हो," रोझालिया म्हणाली. "हर्नियाच."

तिलेन रक्त द्यायला खाली गेला. ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. बाळंतपणानंतर घरी येणारी नर्स तिला आठवली. बाळाचा लंगोट बदलताना तिने सांगितलं होतं, "एका बाजूचं वृषण खाली उतरलेलं नाही. वर्षभराने दाखवा, विसरू नका." रोझालिया विसरली नव्हती. पण तिचा नवरा आलोइझ म्हणाला होता, "माझ्या पोरात काही खोट नाही. उतरेल आपोआप. आणि गावात बोललीस तर बघ." पुढे शाळेच्या तपासणीत ते निघालं, तेव्हा ऑपरेशन झालं. हर्निया हा शब्द आलोइझनेच काढला. नंतर तोच घरात राहिला.

ती उठली आणि दार ठोठावून आत गेली.

"बाई, तो हर्निया नव्हता," ती उभ्यानेच म्हणाली, आणि सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. "बरं झालं सांगितलंत. आता उरलेल्या उजव्या बाजूवर जास्त बारीक लक्ष ठेवू."

"वर्षाचा असतानाच केलं असतं, तर झाला नसता?"

"शक्यता कमी झाली असती. झालाच नसता, असं नाही सांगता येत. असं असलेल्या बहुतेक मुलांना हा रोग कधीच होत नाही. आणि ज्यांना होतो, त्यांतल्या बहुतेकांना लहानपणी काही झालेलं नसतं."

"म्हणजे माझ्यामुळे की नाही?"

"कशामुळे झाला ते मलाही माहीत नाही, बाई."

रोझालिया बाहेर आली. चूक झाली म्हणावं तर पुरावा नाही, नाही म्हणावं तर मन ऐकत नाही. कुठे उभं राहायचं हेच तिला कळेना.

कँटीनमध्ये तिलेनने दोघांसाठी जवाचं सूप आणलं. तिने चमच्याला हात न लावता त्याला सांगितलं. तो पाव कुस्करत ऐकत राहिला.

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांनीच तर—" ती थांबली. आलोइझ जाऊन सहा वर्षं झाली होती. "नर्सने मला सांगितलं होतं. मी न्यायला हवं होतं. नेलं नाही."

"अगं, पण का?"

"लाज वाटली."

"कसली लाज? वर्षाच्या पोराची?"

तिलेनचा चेहरा लाल झाला. मग फोन काढून त्याने भावाला लावला.

"ग्रेगोर, ऐक. डॉक्टरला दाखवून घे. हो, तिथेच. हस हस, पण जा. आणि दर महिन्याला स्वतःही चाचपून बघत जा. नाही रे, सीट नाही. सीटचा काही संबंध नाही." त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "माझा तो हर्निया नव्हता. घरी आलास की सांगतो."

पलीकडून ग्रेगोरने काहीतरी विचारलं. तिलेनने समोर पाहिलं.

"आई ना? इथेच आहे," तो म्हणाला. "सूप पितेय."

रोझालियाने चमचा उचलला.